इंजिन बांधून झालं, मग हे कुठलं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गॅरेजमध्ये एक जुना विनोद सांगतात. इंजिन उघडून पुन्हा बांधलं की दर वेळी थोडं सामान उरतं. अशी पाच इंजिनं बांधली की उरलेल्या सामानातून सहावं फुकटात तयार होतं! सांगणारा वस्ताद हसतो, ऐकणारं गिऱ्हाईकही हसतं. फक्त ज्याचं इंजिन त्या दिवशी उघडलेलं असतं त्याला हा विनोद फारसा कळत नाही.

घरात मिक्सर उघडला, शिलाई मशीन उघडलं, भिंतीवरचं घड्याळ उघडलं, तर असा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आलेला असेल. सगळं जोडून होतं, झाकण बसतं आणि मग चटईवर एक चिमुकला स्क्रू दिसतो. आपण इकडेतिकडे बघतो, मशीन चालतंय ना याची खात्री करतो आणि स्क्रू खिळ्यांच्या डब्यात टाकून मोकळे होतो. मिक्सरच्या बाबतीत हे खपून जातं. ट्रकच्या इंजिनाच्या बाबतीत खपतंच असं नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलांना ‘मेकॅनिक डिझेल’ हा व्यवसाय शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. तेव्हा आज या उरलेल्या सामानाविषयीच चार गोष्टी सांगाव्यात असं म्हणतो.

आधी पसारा केवढा असतो ते पाहू. सहा सिलिंडरचं, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेलं साधं डिझेल इंजिन घ्या. सहा पिस्टन, सहा कनेक्टिंग रॉड, सहा गजन पिना. प्रत्येक पिनेच्या दोन्ही टोकांना एकेक लॉक, म्हणजे बारा लॉक. बारा व्हॉल्व्ह, बारा पुशरॉड, आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवणारे कॉटर प्रत्येकी दोन, म्हणजे चोवीस. शिवाय बेअरिंगं, वायसर, डॉवेल, सील, आणि नटबोल्ट तर शेकड्यांनी. हे सगळं एका माणसाने एका खोलीत एका दमात उघडून बांधलं असतं तर काही उरलं नसतं. पण तसं होत नाही. ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे जातो, क्रँक ग्राइंडिंगला जातो, हेड तिसरीकडे, डिझेल पंप चौथ्याकडे. आठ-पंधरा दिवसांनी एकेक वस्तू परत येते. तोवर उघडणारा पोरगा यात्रेला गावी गेलेला असतो आणि बांधणारा दुसराच असतो. सामान उरण्याचं खरं कारण हे आहे. माणूस वेंधळा असतो म्हणून नव्हे, तर वस्तू चार हातांतून फिरून येते आणि तिची आठवण मात्र पहिल्याच हातात राहते.

पूर्वी ही आठवण वस्तादांच्या डोक्यात असायची. १९५४ साली टेल्कोने डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार १९६९ पर्यंत चालला, आणि त्या घराण्यातली इंजिनं त्यानंतरही कितीतरी वर्षं आपल्या रस्त्यांवर धावत राहिली. ‘टाटा बेंझ’ हा शब्द जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडून अजून ऐकू येतो. एकाच घराण्याची इंजिनं वीस-वीस वर्षं उघडणारा वस्ताद डोळे मिटून बोल्ट हातात घेई आणि सांगे, ‘टायमिंग कव्हर, खालून दुसरा.’ मी हे पाहिलेलं आहे. पुढे गाड्यांच्या जाती वाढल्या, एकेका गॅरेजात दहा तऱ्हेची इंजिनं येऊ लागली, आणि नुसत्या आठवणीवर भागेनासं झालं.

म्हणून आम्ही मुलांना पहिल्या दिवसापासून सवय लावायचो. बोल्ट काढला, वस्तू उतरवली की तो बोल्ट त्याच भोकात हाताने दोन आटे फिरवून ठेवायचा. टायमिंग कव्हरचे बोल्ट आखूड-लांब असतात, तर पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढायचं, जागच्या जागी भोकं पाडायची आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात खोचायचा. पुशरॉडही तसेच ओळीने पुठ्ठ्यात. बेअरिंगच्या कॅपवर आकडे असतात ते पुसायचे नाहीत. डालड्याचे रिकामे डबे आणि त्यावर खडूने लिहिलेली नावं, एवढ्या भांडवलावर कितीतरी इंजिनं नीट बांधली गेली. आता पोरं मोबाइलवर फोटो काढतात. उत्तम आहे. फक्त फोटो उघडण्याआधी काढावा, उघडल्यावर नव्हे, एवढं सांगावं लागतं.

इतकं करूनही उरतंच. आणि उरलेली प्रत्येक वस्तू धोक्याची नसते, हेही सांगितलं पाहिजे. गॅस्केटचा नवा संच आणला तर तो बहुधा दोन-तीन प्रकारच्या इंजिनांना चालेल असा भरलेला असतो. त्यातल्या चार रबरी रिंगा, दोन वायसर उरणारच. नवा पंप आणला तर त्याच्या तोंडाला लावलेली प्लॅस्टिकची टोपणं उरतात, आणि ती उरायलाच हवीत! ती उरली नाहीत तर ती कुठे आहेत हे शोधावं लागतं. खरं म्हणजे ट्रेमध्ये उरलेल्या वस्तूपेक्षा इंजिनात राहिलेला चिंधीचा बोळा कितीतरी वाईट. ट्रेमधली वस्तू निदान डोळ्यांसमोर असते.

तर वस्तू समोर आहे. ती कुठली, हे कसं ओळखायचं?

माझं सांगणं असं, की तिला पुसू नका. आपल्याकडे सवय अशी, की काही सापडलं की आधी डिझेलमध्ये बुडवून लख्ख करायचं. त्यात तिची सगळी ओळख धुऊन जाते. बोल्टाला काळं, ओलसर तेल असेल तर तो तेलाच्या बाजूचा. पांढरा चुन्यासारखा थर असेल तर त्याचं टोक पाण्यात होतं, म्हणजे वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅटचा भाग. लाल, पापुद्रे सुटलेला गंज असेल तर सायलेन्सरच्या बाजूची धग त्याने सोसलेली आहे. कोरडी, काळपट भुकटी असेल तर क्लच आठवावा.

मग त्याची लांबी पाहा. बोल्ट जितका लांब तितकी जाड वस्तू त्याने धरली होती असं पोरांना वाटतं, पण तेवढ्यावर विसंबू नये. बोल्टाच्या अंगावरच मोजपट्टी उमटलेली असते. डोक्याखाली वायसरने घासलेली चकचकीत चकती, मग वस्तूच्या भोकातून गेलेला भाग, आणि पुढे जिथवर तो आट्यांत रुतला होता तिथवर वेगळा रंग. मधल्या भागाची लांबी मोजली की बोल्टाने किती जाडीची वस्तू धरली होती ते कळतं. कव्हर असेल तर पाच-सात मिलिमीटर, ब्रॅकेट असेल तर जास्त.

आणि डोक्यावरचे आकडे. ८.८, १०.९, १२.९ असे आकडे बोल्टाच्या डोक्यावर उठवलेले असतात. पहिल्या आकड्याला शंभराने गुणलं की तुटेपर्यंत तो दर चौरस मिलिमीटरला साधारण किती न्यूटन ताण सोसेल ते कळतं, आणि दुसरा आकडा सांगतो की त्यातला किती दशांश ताण आल्यावर तो कायमचा लांबेल. एवढं गणित नाही जमलं तरी चालेल. १०.९ किंवा १२.९ चा बोल्ट उरला असेल तर हातातला चहा खाली ठेवावा, एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ. असा बोल्ट सहसा उगाच कोणी पत्र्याच्या झाकणाला लावत नाही.

पण सगळ्यात उपयोगी पडतं ते भंगार. इंजिन चालू होऊन दोन दिवस होईपर्यंत जुनं सामान विकू नये, हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितलं आहे की मुलं माझी नक्कल करत. उरलेली वस्तू जुनी की नवी, जास्तीची की राहून गेलेली, याचा निवाडा बहुतेक वेळा भंगाराच्या ढिगातच लागतो. नुसतं सांगून हे पटत नाही, म्हणून एक घडलेली हकिकत सांगतो.

२००७ सालचा नोव्हेंबर महिना होता. मिरज-पंढरपूर रस्त्यावरच्या एका गॅरेजातून दुपारी फोन आला. वस्ताद माझाच जुना विद्यार्थी. ‘सर, जरा येऊन जाता का? इंजिन बांधून गाडीत चढवलंय. संध्याकाळी चालू करायचं. पण चार नग उरल्यात.’

गेलो. गाडी उसाच्या वाहतुकीची, सहा सिलिंडरची. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण यात कंपनीचा काही संबंध नव्हता. मालक स्वतःच गाडी चालवणारा, पन्नाशीचा माणूस. त्याने कारखान्याकडून आणि पतपेढीकडून पैसे उचलून ऊसतोडीच्या टोळीला आगाऊ उचल दिली होती. टोळी बीडकडून येऊन कोप्या घालून बसली होती. गाडी नाही म्हणून ऊस भरता येत नव्हता, ऊस भरला नाही म्हणून कोणाच्या हातावर पैसा नव्हता, आणि खाण्यापिण्याचा तगादा मात्र याच्याच मागे. गाडीच्या बंपरला हार घातलेला होता, चाकाखाली लिंबू ठेवलेलं होतं आणि पिशवीत नारळ तयार.

ट्रेमध्ये काय होतं? तांब्याचे दोन वायसर, गजन पिनेचं एक लॉक, डोकं नसलेला एक आखूड आट्यांचा तुकडा, आणि एक बोल्ट.

वायसरचा प्रश्न मिनिटात सुटला. चेपून पातळ झालेले, एका बाजूला काजळी धरलेली. नोझलखालचे जुने वायसर. नवे पडले होते, हे फेकायचे राहिले होते.

लॉक पाहून मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले होते, आणि ते बरोबरच होतं. गजन पिनेचं एक लॉक बसलं नसेल तर पीन चालता चालता हळूहळू बाहेर सरकते आणि सिलिंडरच्या भिंतीला चर पाडते. ब्लॉकच निकामी होतो. आणि हे पाहायचं तर हेड काढायचं, चेंबर उतरवायचं आणि सहाच्या सहा पिस्टन बाहेर घ्यायचे. म्हणजे केलेलं सगळं काम पुन्हा, नव्या गॅस्केटच्या खर्चासकट.

मी विचारलं, ‘वस्ताद, जुनी लॉकं कुठं आहेत?’ तो पोराकडे बघायला लागला. पोराने सकाळीच सगळं भंगार गोणीत भरून विकलं होतं. सुदैवाने दुकान त्याच रांगेत चार घरं पुढे होतं आणि गोणी अजून फोडलेली नव्हती. आम्ही ती तिथेच पोत्यावर ओतली आणि तिघे मिळून काड्यामाड्या निवडाव्यात तसं निवडत बसलो. मालक दर पाच मिनिटांनी येऊन विचारायचा, ‘आवं सर, टोळी आठ दिस झालं बसून खातीया. कारखाना काय माझ्यासाठी थांबतोय व्हय?’ त्याला काय उत्तर द्यायचं?

अडीच तासांनी अकरा जुनी लॉकं निघाली. ट्रेमधलं लॉक भिंगाखाली धरलं. त्यावर तेल जळून बसलेला तपकिरी थर होता आणि आतल्या कडेला पिनेचं टोक घासून उमटलेली चकचकीत कमान. म्हणजे ते जुनं. अकरा आणि एक बारा. नव्या लॉकांच्या पुड्या कोपऱ्यात पडल्या होत्या, सहाच्या सहा, रिकाम्या. लोहचुंबक फिरवून जमीन झाडली, तिथे नवं लॉक पडलेलं नव्हतं. वस्ताद म्हणाला, ‘सर, पिस्टन मी स्वतः भरलेत. प्रत्येक लॉक खाचेत बसलंय का ते स्क्रू ड्रायव्हरनं फिरवून बघितलंय. तुमचीच सवय.’ तेव्हा हेड उघडायचं नाही असं ठरलं. मालकाने पिशवीतला नारळ बाहेर काढला.

तो डोकं नसलेला तुकडा मात्र मी अजून हातातच धरून होतो. त्याच्याकडे कोणाचं फारसं लक्ष नव्हतं. पोरगा म्हणाला, ‘कुठला तरी डमी असंल, सर.’

तुकडा करंगळीच्या पेराएवढा. एका टोकाला ॲलन की बसेल असा षटकोनी खळगा. आटे एका टोकाकडे किंचित निमुळते. निमुळते आटे असलेली वस्तू काही धरून ठेवण्यासाठी नसते, भोक बंद करण्यासाठी असते. ती जितकी फिरवावी तितकी घट्ट रुतते आणि गळती थांबते. म्हणजे हे बूच होतं. आट्यांत जुन्या चिकट सीलचे वाळलेले कण होते. खळग्याच्या बाजूला पातळ तेल, आणि दुसऱ्या टोकाला घट्ट काळा चिखल, वर्षानुवर्षं साठलेला. पाण्याचा चुना कुठेही नाही. तेव्हा हे तेलवाटेचं बूच.

इथे थोडं समजावून सांगतो. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये लांबच लांब एक आडवं भोक असतं. ऑइल पंपाने ढकललेलं तेल त्यातून जातं आणि तिथून फाटे फुटून क्रँकच्या एकेका बेअरिंगला, कॅमला पोचतं. याला ऑइल गॅलरी म्हणतात. कारखान्यात हे भोक आरपार पाडावं लागतं, म्हणून त्याची टोकं नंतर बुचांनी बंद करतात. ब्लॉक बोअरिंगला गेला की लोखंडाचा कीस या वाटेत शिरतो. तो काढायचा तर बुचं काढून आत ब्रश फिरवावा लागतो. चांगला कारागीर हे करतोच. आणि मग ती बुचं परत बसवावी लागतात.

बाहेरून दिसणारी बुचं आम्ही टॉर्च मारून मोजली. बाजूला एक होतं, मागच्या अंगाला एक. बाजूचं काढून ट्रेमधल्या बुचाशी ताडून पाहिलं: तेच आटे, तोच खळगा. परत बसवलं. बाहेर एकही भोक उघडं नव्हतं. मग हे तिसरं बूच ज्या भोकाचं, ते भोक बाहेर नव्हतं. गॅलरीचं पुढचं टोक टायमिंग गिअरच्या मागे, कव्हरच्या आत येतं. ते उघडं असेल तर पंपाने ढकललेलं तेल बेअरिंगकडे न जाता सरळ टायमिंगच्या खोक्यात सांडणार आणि तिथून परत चेंबरमध्ये. बाहेर एक थेंब दिसणार नाही.

बोअरिंगवाल्याला फोन लावला. दुकान बंद झालं होतं.

मालक म्हणाला, ‘चालू करून बघू की. ऑइलचा काटा नाही वर आला तर लगेच बंद करू.’ बोलणं अगदीच चुकीचं होतं असं नाही. पण त्याच्या गाडीतला काटा दोन वर्षांपासून मेलेला होता. वस्तादाने गॅरेजमधला गेज आणून नळीने जोडला. स्टॉप ओढून धरून सेल्फ मारला, म्हणजे इंजिन नुसतं फिरेल, पेटणार नाही. काटा हलला नाही. फिल्टरमध्ये तेल ओतून पुन्हा सेल्फ मारला. नाही हलला. पण यानेही काही सिद्ध होत नव्हतं. नवं बांधलेलं इंजिन कोरडं असतं, पंपात हवा असते, दाब यायला वेळ लागतो. वस्ताद तेच म्हणाला. ‘सर, हवा असंल. पेटलं की येतोय दाब.’

मी म्हणालो, ‘आणि नाही आला तर?’

ग्राइंडिंग केलेला क्रँक, नवी बेअरिंगं. तेल नसताना इंजिन पेटून वेगात फिरायला लागलं की बेअरिंगचा मऊ धातू पुसून निघायला फार वेळ लागत नाही. मग इंजिन पुन्हा खाली, क्रँक पुन्हा ग्राइंडिंगला, आणखी आठ-दहा दिवस. त्यापेक्षा रेडिएटर, पंखा आणि पुली काढून टायमिंग कव्हर उघडायचं तर चार-पाच तास. माझा हिशेब चुकीचा निघाला तर ते चार-पाच तास वाया जातील, हे मी मालकाला स्पष्ट सांगितलं. बोअरिंगवाल्याने दोनच बुचं काढली असतील आणि हे तिसरं दुसऱ्याच एखाद्या ब्लॉकचं त्याच्याकडून आलेलं असेल, असंही होऊ शकत होतं. ते मी लपवलं नाही. इंजिन त्याचं, दिवस त्याचे, उचल त्याने दिलेली. ठरवायचं त्यानेच.

तो बाजूला पडलेल्या टायरवर बसून राहिला. घरी फोन करून हळू आवाजात काहीतरी बोलला. मग उठून म्हणाला, ‘खोला.’

वस्तादाचं मला कौतुक वाटलं. मजुरीचा शब्द न काढता त्याने पाना उचलला. रात्री साडेदहाच्या सुमारास कव्हर निघालं. गिअरच्या फटीतून टॉर्च मारला तर भोक उघडं, आतले आटे स्वच्छ चमकत होते. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘सर, ब्लॉकबरोबर एक चिंधीचं गाठोडं आलं होतं. दोन बुचं मी काढून लावली. चिंधी हात पुसायला घेतली.’ तिसरं बूच चिंधीच्या घडीतून ट्रेमध्ये पडलं होतं. दुसऱ्या दिवशी बोअरिंगवाल्यानेही सांगितलं की तीनच काढली होती.

बूच बसवून, कव्हर, पुली, रेडिएटर चढवून होईपर्यंत अडीच वाजले. स्टॉप ओढून सेल्फ मारला. काटा आधी थरथरला, मग सावकाश वर चढायला लागला. मालक काचेवर नाक टेकवून बघत होता. नारळ मात्र तेव्हा फुटला नाही. रात्रीचा नारळ फोडू नका, असं त्याच्या बायकोने फोनवरून बजावलं होतं. तो सकाळी फुटला.

असली इंजिनं आता कमी होत चालली आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ ची इंजिनं आली, त्यांत जागोजागी सेन्सर आहेत, आणि एखादी वायर जोडायची राहिली तर कॉम्प्युटर लगेच ओरडतो. पण आतलं एखादं बूच राहिलं, तर तेलाचा दाब कमी आहे एवढंच तोही सांगतो. का कमी आहे ते त्याला ठाऊक नसतं.

राहता राहिला बोल्ट. सकाळी चहा घेताना वस्तादाने तो माझ्यापुढे ठेवला. ‘सर, हा कुठला?’ डोक्यावर ८.८. तेलाचा मागमूस नाही, आट्यांत कोरडी काळी भुकटी, डोक्याखाली स्प्रिंग वायसरने चावा घेतल्याची खूण. क्लचच्या प्रेशर प्लेटचा असावा, हे दोघांनाही एकदमच सुचलं. पण या गाडीच्या क्लचचे बोल्ट तेरा नंबरच्या पान्याचे, आणि हा सतराचा. म्हणजे तो या गाडीचा नव्हताच. वस्तादाचा कप अर्ध्यावर थांबला. आदल्या आठवड्यात क्लचचं काम होऊन दुसरी एक गाडी त्याच जागेवरून बाहेर पडली होती.

तिच्या ड्रायव्हरला फोन लावला. तो हुबळीला माल उतरवत होता. ‘गाडी जरा कापतीया खरी,’ म्हणाला, ‘पण मी म्हटलं रस्ता खराब.’ त्याला क्लच हाउसिंगचं खालचं झाकण उघडून, फ्लायव्हील हाताने फिरवत एकेक बोल्ट मोजायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी त्याचा फोन आला. एक भोक रिकामं होतं, आणि शेजारचा एक बोल्ट ढिला झाला होता. त्याने तिथल्याच दुकानातून बोल्ट आणून घातला आणि सगळे आवळून घेतले. त्यानंतर त्या गाडीच्या मालकाचा फोन आला, आणि हुबळीच्या मेकॅनिकचे पैसे कोणी द्यायचे यावर त्याची आणि वस्तादाची बरीच हुज्जत चालली. ती संपेपर्यंत मला थांबता आलं नाही. सव्वासातची एसटी गाठायची होती.